सत्कार कोणाचा, जाणाऱ्याचा की परतणाऱ्याचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामात एक सत्कार झाला. रविवारची दुसरी मिस्सा आटोपल्यावर सारी मंडळी सभागृहात जमली. सत्कारमूर्ती आमच्याच एका कुटुंबातले, वय बेचाळीस, सरकारी सेवेत चांगल्या हुद्द्यावर. अमेरिकेतील एका विद्यापीठात वर्षभराच्या फेलोशिपसाठी त्यांची निवड झाली होती. विषय आंतरराष्ट्रीय धोरण. शाल झाली, श्रीफळ झाले, पुष्पगुच्छ झाला आणि मग चार भाषणे झाली. एका वक्त्याने सांगितले की आपला समाज आता जागतिक व्यासपीठावर पोहोचला. दुसऱ्याने या फेलोशिपचे वर्णन असे केले की जणू ती एखादी पदवी, पदक किंवा लॉटरी असावी. तिसरे गृहस्थ हसत म्हणाले, ‘‘तिकडे गेल्यावर आम्हांला विसरू नका,’’ आणि त्यावर सर्वांत मोठी टाळी पडली. चौथे भाषण माझे होते. मीही पाच मिनिटे बोललो आणि तितकेच पोकळ बोललो, हे येथेच कबूल करतो.

चहाच्या वेळी सत्कारमूर्तींच्या आई माझ्यापाशी आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई. हातातला वडा तसाच कागदात होता. म्हणाल्या, ‘‘फादर, चौघेजण बोलले. तो परत कधी येणार, ते कोणीच बोललं नाही.’’

वाचकहो, हा लेख म्हणजे त्या सत्काराशी मी मांडलेले भांडण आहे. त्यात माझ्या भाषणाशीही भांडण आले. ज्यांची निवड झाली त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. वाद आहे तो आपण ज्या गोष्टीला टाळ्या वाजवतो तिच्याविषयी.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पस्तीस ते पन्नास या वयातला, दहा-पंधरा वर्षे प्रत्यक्ष काम केलेला माणूस नेहमीच्या खुर्चीतून उचलून नऊ-दहा महिने विद्यापीठात नेऊन बसवायचा, ही तिची मूळ कल्पना. परीक्षा नाही, पदवी नाही. एक खोली, ग्रंथालयाचे कार्ड, हव्या त्या वर्गात बसण्याची मुभा आणि आपल्यासारख्याच इतर देशांतल्या माणसांबरोबर जेवणाचे टेबल. अमेरिकेत १९५३ साली आयझेनहॉवर यांच्या नावाने अशी योजना सुरू झाली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सिनेटर ह्युबर्ट हम्फ्री यांच्या स्मरणार्थ दुसरी सुरू केली, ती मुख्यतः विकसनशील देशांतल्या अधिकाऱ्यांसाठी. पण आंतरराष्ट्रीय धोरणाच्या बाबतीत या साऱ्यांत विशेष गाजलेली जागा म्हणजे हार्वर्ड विद्यापीठातील ‘सेंटर फॉर इंटरनॅशनल अफेअर्स’. त्याची स्थापना १९५८ ची. पहिले संचालक रॉबर्ट बोवी हे त्याआधी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात धोरण-नियोजनाचे प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली सहसंचालक म्हणून होते पस्तिशीतले हेन्री किसिंजर. आरंभापासूनच निरनिराळ्या देशांतले मुत्सद्दी आणि सेनाधिकारी ‘फेलो’ म्हणून तेथे वर्षभर राहत. १९९८ पासून हे केंद्र वेदरहेड यांच्या नावाने ओळखले जाते.

कल्पना वाईट नाही, किंबहुना फार चांगली आहे. जो माणूस दिवसाला शंभर फायली निकालात काढतो त्याला, आपण काय निकालात काढतो आहोत याचा विचार करायला सवड मिळत नाही. निर्णय घेणाऱ्याला वाचन नाही आणि वाचन करणाऱ्याला निर्णयाचा अधिकार नाही, ही आधुनिक राज्यकारभाराची जुनी व्याधी आहे. चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होण्यात नम्रता आहे. आपल्याकडे चाळिशीनंतर पुस्तक हाती घेणाऱ्या माणसाकडे आजारी असल्यासारखे पाहतात, ते सोडून द्या.

मग भांडण कशाबद्दल? ते सांगण्यापूर्वी एका मित्राचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. हे निवृत्त प्राध्यापक आहेत, चर्चला फारसे येत नाहीत. पण माझ्याकडे येतात आणि आले की तास-दोन तास माझी कानउघाडणी करून जातात. सत्काराचे वृत्त ऐकून ते म्हणाले, ‘‘फादर, हे जाळे आहे. गरीब देशांतली हुशार माणसे हेरायची, त्यांना वर्षभर पाहुणचार करायचा, आणि जन्मभरासाठी आपल्या बाजूची करून परत पाठवायची.’’ त्यांच्या म्हणण्याला पुरावा नाही असे नाही. याच किसिंजर यांनी १९५१ पासून हार्वर्डमध्ये उन्हाळी ‘इंटरनॅशनल सेमिनार’ चालवले. देशोदेशींचे उगवते राजकारणी, पत्रकार, लेखक तेथे काही आठवडे येत. जपानचे नाकासोने १९५३ मध्ये आले होते, तुर्कस्तानचे एजेवित १९५७ मध्ये आणि मलेशियाचे महाथीर १९६८ मध्ये. तिघेही पुढे पंतप्रधान झाले. आणि १९६७ मध्ये उघड झाले की या सेमिनारला मिळणाऱ्या पैशांपैकी काही पैसा ज्या प्रतिष्ठानांकडून येत होता ती सीआयएची वाहिनी होती. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे किसिंजर यांचे म्हणणे. १९७० च्या ऑक्टोबरात, व्हिएतनाम युद्धाच्या रागात, या केंद्राच्या इमारतीत बॉम्बस्फोटही झाला. तेव्हा प्राध्यापकमहाशय हवेत बोलत नाहीत.

तरीही मला त्यांचे म्हणणे पटत नाही. कारण त्यात गरीब देशांतल्या माणसाचा मोठा अपमान दडलेला आहे. हा माणूस ओल्या मातीचा गोळा आहे, ज्याच्या चाकावर ठेवाल त्याच्या आकाराचा होतो, असे ते धरून चालतात. एजेवित यांचेच पाहा. १९७४ मध्ये सायप्रसमध्ये सैन्य उतरवण्याचा निर्णय त्यांनी पंतप्रधान म्हणून घेतला, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते त्यांचे सेमिनारचे गुरू किसिंजर. गुरूची ओळख शिष्याचा हात धरू शकली नाही. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, हा वेगळा प्रश्न आहे. मुद्दा इतकाच की वर्षभराच्या पाहुणचाराने माणसाचे डोके विकत घेता येत नाही. ते विकले जाते तेव्हा विकणाऱ्याच्या खुशीने विकले जाते.

आणि आता त्या दोन माणसांकडे येतो, ज्यांच्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता वर्तमानपत्री राहिलेला नाही.

बेनिग्नो अक्विनो, फिलिपाईन्सचे. लोक त्यांना ‘निनॉय’ म्हणत. सतराव्या वर्षी कोरियन युद्धाचा वार्ताहर, बाविसाव्या वर्षी आपल्या गावचा नगराध्यक्ष, चौतिसाव्या वर्षी सिनेटर. श्रीमंत जमीनदार घराण्यातला, बोलण्यात तरबेज, महत्त्वाकांक्षी माणूस. संत वगैरे मुळीच नव्हे. १९७२ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला तेव्हा पहिल्याच धरपकडीत अक्विनो आत गेले. सात वर्षे सात महिने तुरुंगात काढले. त्यांपैकी काही काळ एकांतकोठडीत. आणि तेथे, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, हा चतुर राजकारणी प्रथमच गुडघ्यांवर आला. १९७५ मध्ये त्यांनी चाळीस दिवस उपोषण केले. १९७७ मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना गोळ्या घालून ठार मारण्याची शिक्षा फर्मावली, पण ती अमलात आली नाही. १९८० मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि शस्त्रक्रियेसाठी मार्कोसने त्यांना अमेरिकेला जाऊ दिले. बरे झाल्यावर त्यांनी हार्वर्डच्या याच केंद्रात फेलो म्हणून जागा घेतली, नंतर काही काळ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात घर, बायको, पाच मुले. त्यांच्या पत्नी कोराझोन यांनी पुढे या तीन वर्षांचे वर्णन आपल्या संसारातली सर्वांत सुखाची वर्षे असे केले. आपण क्षणभर थांबून या वाक्याचा विचार करावा. नवरा जवळ, मुले जवळ, थंडीत घर ऊबदार, दारात पोलीस नाही. ज्याला आपण ‘सेटल होणे’ म्हणतो ते पूर्ण झालेले होते.

१९८३ मध्ये अक्विनो यांनी परत जायचे ठरवले. मार्कोस आजारी आहेत, आपण देशात नसलो तर अराजक माजेल, असे त्यांना वाटत होते. मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा न्यूयॉर्कमध्ये भेटल्या आणि त्यांनी बजावले की येऊ नका, तुमच्या जिवाला धोका आहे. सरकारने पासपोर्ट नाकारला. त्यांनी दुसऱ्या नावाचा पासपोर्ट मिळवला. त्यावरचे नाव होते मार्शल बोनिफासिओ: ‘मार्शल’ म्हणजे लष्करी कायदा आणि ‘बोनिफासिओ’ हे ज्या छावणीत त्यांना कोंडले होते तिचे नाव. अशा वेळीही माणसाला विनोद सुचला. २१ ऑगस्ट १९८३ रोजी तैपेईहून निघालेले विमान मनिलाला उतरले. शिपाई आत आले, त्यांना घेऊन जिन्याकडे गेले, आणि काही क्षणांतच गोळीचा आवाज झाला. डोक्यात मागून गोळी. अंगावर गोळीरोधक जाकीट होते, पण त्याचा उपयोग नव्हता. उतरल्यावर करायचे भाषण खिशातच राहिले. त्यात त्यांनी लिहिले होते की मी स्वखुशीने परत आलो आहे, अहिंसेच्या मार्गाने आमचे हक्क परत मिळवण्यासाठी झगडणाऱ्यांना येऊन मिळण्यासाठी.

अंत्ययात्रेला लाखो लोक रस्त्यावर उतरले. पुढे १९८६ च्या फेब्रुवारीत काय झाले ते आमच्या पिढीला आठवते. मी तेव्हा कॉलेजात होतो. निवडणुकीत उघड लबाडी झाली, फिलिपाईन्सच्या बिशपांनी या सरकारला नैतिक आधार उरलेला नाही असे जाहीर पत्रक काढले, कार्डिनल सिन यांनी ‘रेडिओ व्हेरितास’वरून लोकांना रस्त्यावर येण्याची हाक दिली, आणि हातात जपमाळ घेतलेल्या धर्मभगिनी रणगाड्यांसमोर गुडघे टेकून बसल्या. ती छायाचित्रे आमच्या घरी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती. चार दिवसांत मार्कोस देश सोडून गेले आणि कोराझोन अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी मनिलाच्या त्या विमानतळाला निनॉय अक्विनो यांचे नाव देण्यात आले.

आता दुसरे नाव, किम दे-जुंग. दक्षिण कोरियाचे. १९५७ मध्ये त्यांनी स्नानसंस्कार घेतला तो थॉमस मोर या नावाने. राजाच्या मर्जीपुढे विवेक न झुकवल्याबद्दल ज्याचे शीर उडवले गेले, त्या संताच्या नावाने! १९७३ मध्ये त्यांच्याच देशाच्या गुप्तहेर संघटनेने त्यांना टोकियोच्या हॉटेलातून पळवून नेले. ते मरता मरता वाचले. १९८० मध्ये लष्करी राजवटीने त्यांना देहदंड सुनावला. देशोदेशींहून विनवण्या गेल्या, पोप दुसरे जॉन पॉल यांनीही दयेची विनंती केली आणि शिक्षा सौम्य झाली. १९८२ च्या अखेरीस त्यांना अमेरिकेला जाऊ देण्यात आले आणि १९८३-८४ मध्ये ते हार्वर्डच्या त्याच केंद्रात फेलो होते. सामान्य माणसाला सहभागी करून घेणारी अर्थव्यवस्था कोरियात कशी उभारता येईल यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक या केंद्राने १९८५ मध्ये प्रकाशित केले. अक्विनोंचे काय झाले ते साऱ्या जगाने पाहिले होते. तरीही १९८५ च्या फेब्रुवारीत किम परतले. ‘मनिलाची पुनरावृत्ती नको’ म्हणून अमेरिकेचे काही लोकप्रतिनिधी त्यांच्यासोबत विमानात बसले होते. सोलला उतरताच धक्काबुक्की झाली आणि त्यांना घरात स्थानबद्ध केले गेले. राष्ट्राध्यक्ष व्हायला पुढे तेरा वर्षे लागली. २००० साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्राध्यापकमित्राला मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘दोन नावे सांगितलीत. बाकीच्या शेकडोंचे काय?’’ प्रश्न बिनतोड आहे. आणि माझ्या भांडणाचा खरा मुद्दा तेथूनच सुरू होतो.

या केंद्रात येणारे बहुतेक फेलो हे आपापल्या सरकारांनी किंवा संस्थांनी पाठवलेले असत. खर्चही प्रायः पाठवणाऱ्याचाच. म्हणजे ज्याच्यावर वरिष्ठांची मर्जी आहे, ज्याला रजा मिळते, ज्याचे इंग्रजी सफाईदार आहे, त्यानेच जावे अशीच या योजनेची घडण आहे. अक्विनो आणि किम यांना कोणत्याही सरकारने पाठवलेले नव्हते. त्यांच्या सरकारांनी त्यांना मरणाची शिक्षा दिलेली होती. ज्या दोन नावांचा अशा केंद्राला सर्वाधिक अभिमान वाटायला हवा, ती नावे त्याच्या नेहमीच्या दारातून आलेलीच नाहीत, ती आली मागच्या दाराने. हा अपवाद पाहूनही नियम बदलला गेला नाही, हे माझे पहिले गाऱ्हाणे.

दुसरे गाऱ्हाणे यजमानांविषयी. अक्विनो हार्वर्डला असताना, १९८१ च्या जूनमध्ये, अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष बुश मनिलाला गेले आणि मेजवानीत त्यांनी मार्कोस यांच्या लोकशाहीनिष्ठेची तोंडभरून स्तुती केली. क्लार्कचा हवाई तळ आणि सुबिकचा नाविक तळ अमेरिकेला हवे होते, दुसरे काय! एका हाताने हुकूमशहाला घास भरवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या बळीला विद्यापीठात खुर्ची द्यायची, ही त्या देशाची रीत. यात ढोंग आहेच. पण या ढोंगातूनही एक फट उघडी राहिली. १९८३ च्या जूनमध्ये अक्विनो अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षीला उभे राहिले आणि अमेरिकेच्या धोरणाने आपल्या देशात काय घडवले आहे, ते त्यांनी धोरण ठरवणाऱ्यांना तोंडावर सांगितले. ज्या माणसावर धोरण कोसळते तो माणूस, जेथे धोरण घडते त्या खोलीत येऊन बोलला. माझ्या मते अशा फेलोशिपचा एवढाच एक उपयोग आहे. व्याख्याने ग्रंथालयात मिळतात, ओळखी मेजवान्यांत होतात. पण सोसणाऱ्याचे तोंड आणि ठरवणाऱ्याचे कान एका टेबलाशी आणणे, हे काम दुसऱ्या कोणत्याही योजनेला सहसा जमत नाही. आणि नेमके तेच काम योगायोगावर सोडलेले आहे!

अलीकडे तर यजमानच दार लावू लागले आहेत. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच रद्द करण्याचा आदेश काढला. न्यायालयाने तो अडवला. पुढच्याच महिन्यात फुलब्राइट योजनेच्या मंडळातील जवळजवळ सर्व सदस्यांनी, निवडीत राजकीय हस्तक्षेप होतो म्हणून, राजीनामे दिले. प्राध्यापकमित्राला मी विचारले, हे जर जाळे असेल तर कोळी स्वतःच ते का फाडतो आहे? ते प्रथमच थोडा वेळ गप्प बसले.

आता आपल्या अंगणात येऊ. आंतरराष्ट्रीय धोरण हा शब्द सत्काराच्या दिवशी असा उच्चारला गेला की जणू तो आकाशातला एखादा तारा आहे. पण आपल्या धर्मग्रामातल्या अर्ध्या घरांची चूल या धोरणावर पेटते! १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. त्यांत महाराष्ट्रातली आणि गोव्यातली आपली माणसे होती. त्यांपैकी काही आजही रविवारी माझ्यासमोरच्या बाकांवर बसतात. पगार बुडाले, बँकेतली पुंजी अडकली, काहींच्या मुलींची लग्ने मोडली. आखातात जाणाऱ्या कामगाराच्या पासपोर्टवर कोणता शिक्का बसतो, त्याचा दलाल कोणत्या नियमाने बांधलेला असतो, तो मेला तर त्याची शवपेटी किती दिवसांत घरी येते, हे सारे १९८३ च्या स्थलांतर कायद्यापासून दोन देशांमधल्या करारांपर्यंतच्या कागदांवर ठरते. एका परिचारिकेने मला सांगितले होते, तिचा पासपोर्ट तीन वर्षे मालकाच्या कपाटात होता. परराष्ट्र धोरणाचा तिच्याइतका अभ्यास केलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. तिला कोण फेलोशिप देणार? तिला वरिष्ठांचे शिफारसपत्र कोण देणार? आणि समजा दिली, तरी चाळिशीतली बाई. सासूचे औषधपाणी, मुलाची दहावी. आपल्यातल्या किती नवऱ्यांनी तिला वर्षभर जाऊ दिले असते? त्या सत्काराला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी? हार्वर्डच्या दाराविषयी तक्रार करताना घरच्या दाराकडेही पाहावे लागते.

जाणाऱ्यांविषयीही एक शब्द लिहितो, आणि तो माझ्या स्वतःच्या चुकीपासून लिहितो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मलाही परदेशातल्या एका विद्यापीठात वर्षभर अभ्यासाची सवड मिळाली होती. सुंदर ग्रंथालय, सुंदर बाग, रात्री बर्फ. परत आल्यावर सहा-सात महिने माझ्या प्रवचनात ‘तिकडे असे करतात’ हे वाक्य आल्यावाचून राहत नसे. लोक सभ्यपणे ऐकत. शेवटी आमच्या म्हाताऱ्या साक्रिस्तानाने मिस्साचे कपडे घडी करता करता मला सांगितले, ‘‘फादर, सामान आलं, तुम्ही अजून आला नाहीत.’’ मला राग आला आणि मग झोप आली नाही. शरीराने परतणे सोपे आहे, विमान कंपनी ते काम करते. अक्विनो परतले तेव्हा त्यांनी न्यूटनचे घर मनातूनही सोडले होते, म्हणून ते परतणे झाले.

परतण्याची अट घालणे हा जुलूम आहे, असे आजकालचे तरुण म्हणतात. मी तसे मानत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेव्हा परतल्यावर संस्थानची दहा वर्षे चाकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. आंबेडकर परतले, बडोद्याला गेले. आणि तेथे त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही. करार त्यांच्या बाजूने मोडला नाही, मोडला तो ज्या समाजात ते परतले त्याने. म्हणून परतणाऱ्याकडून अपेक्षा करणाऱ्यांनी, आपण त्याला जागा देतो का, हेही तपासावे. परदेशातून शिकून आलेल्या अधिकाऱ्याला आपल्याकडे पुन्हा त्याच टेबलावर, त्याच फायलींपुढे बसवतात. तो काय शिकून आला हे विचारायला एक दुपारसुद्धा कोणी काढत नाही. मग तो पुढच्या परदेशी जागेसाठी अर्ज लिहायला बसला तर दोष एकट्या त्याचा कसा?

सत्कारानंतर आठवड्याने ते बेचाळीस वर्षांचे गृहस्थ निरोप घ्यायला आले. मी त्यांची क्षमा मागितली आणि आईचा प्रश्न सांगितला. ते हसले नाहीत. जाऊन काय लिहिणार, असे विचारल्यावर म्हणाले की वरिष्ठांनी सागरी सुरक्षेवर निबंध सुचवला आहे. मी म्हटले, लिहा. पण जेवणाच्या टेबलावर आखाती देशांतले कोणी अधिकारी भेटले तर त्यांना त्या परिचारिकेच्या पासपोर्टची गोष्ट सांगा, आणि ते काय उत्तर देतात ते लिहून आणा. त्यांनी तिचे म्हणणे नीट समजून घेण्यासाठी तिची भेट मागितली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघे चर्चच्या व्हरांड्यात दीड तास बोलत होते. तीच अधिक बोलत होती. ते वहीत लिहून घेत होते.

येत्या जूनमध्ये ते परतणार आहेत. त्यांच्या आईंनी तारीख मला दोनदा सांगितली. सभागृह मी त्या आठवड्यासाठी राखून ठेवले आहे. या वेळी भाषण एकच होईल, ते त्यांचे. आणि प्रश्न विचारायला पहिल्या रांगेत ती परिचारिका बसेल. शाल घेतलेली आहे, साक्रिस्तीच्या कपाटात आहे.